वखारीवरच्या छत्र्या

वखार म्हटले की मराठी वाचकाला आधी सुरत आणि राजापूर आठवते, मग कोपऱ्यावरची लाकडाची वखार, आणि शेवटी गोदाम. गोदामाला कोणी वास्तू म्हणत नाही. पाहुणे आले तर आपण त्यांना वाडा दाखवतो, देऊळ दाखवतो, किल्ल्यावर नेतो. चला, तुम्हाला एक गोदाम दाखवतो, असे म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. मीही त्याला अपवाद नव्हतो. वास्तविक माझ्या नोकरीची पहिली दोन वर्षे एका गोदामाच्या बांधकामावर गेली. ते गोदाम आज नाही, आणि ते नाहीसे होण्यात माझ्या सहीचा वाटा आहे. त्याबद्दल पुढे सांगेनच. आधी ज्या गोदामामुळे या लेखाला सुरुवात झाली ते पाहू. ते इंग्लंडमध्ये आहे.

माझी मुलगी लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशर परगण्यात राहते. तिच्याकडे गेलो असताना एका शनिवारी ती मला स्टीव्हनेज या गावी महिन्याच्या खरेदीला घेऊन गेली. सभासदत्वाचे कार्ड दाखवून आत जायचे, तांदळाच्या गोणी आणि तेलाचे डबे ढकलगाडीवर घालून बाहेर यायचे, असे ते घाऊक दुकान. गाडी लावताना इमारतीच्या माथ्याची रेघ सरळ नाही एवढे लक्षात आले. आत गेल्यावर मांडण्यांच्या वर मान उंचावून पाहिले आणि पाय जागीच थांबले. डोक्यावर काँक्रीटचे वक्र कवच होते, त्याच्या पलीकडे दुसरे, त्याच्या पलीकडे तिसरे. मागून येणाऱ्या ढकलगाडीवाल्या बाईंनी दोनदा 'सॉरी' म्हटले तेव्हा मी भानावर आलो.

"बाबा, काय झालं? चक्कर आली का?" मुलीने विचारले.

"नाही गं. हे छत मला माहीत आहे."

ते छत मी त्यापूर्वी कधीच पाहिले नव्हते. पण त्याच्या जातीचे छत २३व्या वर्षी मी स्वतः उभे राहून ओतून घेतले होते. घरी आल्यावर शोध घेतला. जॉन लुईस या व्यापारी पेढीसाठी १९६३ साली बांधलेले हे मध्यवर्ती गोदाम. वास्तुरचना यॉर्क, रोझेनबर्ग आणि मार्डल या संस्थेची. छतासाठी सल्लागार फेलिक्स कांदेला. आणि ते इंग्लंडच्या कायद्याने संरक्षित आहे. एक गोदाम, राष्ट्रीय वारसा म्हणून! त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

निर्वासितांचे छत

फेलिक्स कांदेला १९१० साली माद्रिदमध्ये जन्मले. वास्तुशास्त्राची पदवी घेऊन काँक्रीटच्या पातळ कवचांचा अभ्यास करण्यासाठी ते जर्मनीला जायचे होते. शिष्यवृत्ती मिळालेली होती. तेवढ्यात १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली. कांदेला प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले, पराभवानंतर सीमा ओलांडून फ्रान्समधल्या छावणीत अडकले आणि १९३९ साली निर्वासितांच्या जहाजातून मेक्सिकोला उतरले. ज्या जर्मनीत कवचे शिकायची होती तिथे शिकायला त्यांना जाता आले नाही. मेक्सिकोत त्यांनी ती विद्या पुस्तके वाचून आणि प्रत्यक्ष बांधून मिळवली. १९५० साली भावंडांना आणि मित्रांना बरोबर घेऊन त्यांनी 'कुबिएर्तास आला' ही बांधकाम कंपनी काढली.

१९५१ साली मेक्सिको शहराच्या विद्यापीठात विश्वकिरणांच्या प्रयोगशाळेचे छत त्यांनी केले. किरण छतातून आत यायला हवेत म्हणून शास्त्रज्ञांना अत्यंत पातळ काँक्रीट पाहिजे होते. कांदेलांनी ते माथ्यावर अवघे दीड सेंटिमीटर ठेवले. आपल्या घरच्या स्लॅबची जाडी साधारण बारा सेंटिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे यातले धाडस कळते. पुढे त्यांनी चर्च बांधले, सोचिमिल्कोचे ते कमळासारखे उपाहारगृह बांधले; जगभरच्या पुस्तकांत छायाचित्रे आली ती त्यांची. पण कंपनीचे पोट भरले ते कारखान्यांच्या आणि गोदामांच्या छतांवर.

या छतांचे तत्त्व समजायला गणित येण्याची गरज नाही. सुताने विणलेली बाज डोळ्यांपुढे आणा. तिचे तीन कोपरे जमिनीवर ठेवून चौथा उचलून धरता आला, तर काय होईल? प्रत्येक दोरी सरळच राहील, पण सगळ्या दोऱ्या मिळून जो पृष्ठभाग होईल तो वाकडा, घोड्याच्या खोगिरासारखा असेल. सरळ रेघांतून वक्र पृष्ठभाग! भूमितीत याला अपास्ती परवलयज म्हणतात. आम्ही साइटवर 'हायपार' म्हणायचो. बांधणाऱ्याला याचा मोठा फायदा असा, की घुमटासाठी लागणारे गोलाईचे अवघड शटरिंग करावे लागत नाही. साध्या, सरळ फळ्या थोड्या थोड्या तिरक्या लावत गेले की साचा तयार होतो. वक्रतेमुळे कवच ताठ राहते, भार जवळजवळ सगळा पृष्ठभागाच्या आतल्या आत वाहून जातो, आणि चार सेंटिमीटर जाडी पुरते.

असे चार तुकडे एका खांबाभोवती जोडले की होते छत्री. सरळ नव्हे, कोकणातल्या वाऱ्याने उलटी झालेली. मधला भाग खाली, कडा वर. पावसाचे पाणी मधोमध जमते आणि खांबाच्या पोटातल्या नळातून खाली उतरते. एक छत्री म्हणजे एक खांब आणि एक चौकोन छत. शेजारी दुसरी उभी करा, तिसरी करा. गोदाम हवे तेवढे वाढते, मध्ये भिंत नाही, तुळई नाही. छत्र्या किंचित तिरक्या केल्या तर दोघींच्या मधल्या फटीतून उजेड आत येतो. शिवाय एकाच साच्यात अनेक छत्र्या ओतता येतात. पहिलीचे काँक्रीट पक्के झाले की सेंट्रिंग उतरवायचे आणि पुढच्या खांबाला न्यायचे. मेक्सिको शहरात कस्टमच्या मालाची वखार आणि इतर अनेक गोदामे १९५०च्या दशकात या रीतीने उभी राहिली.

१९६१ साली लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सने कांदेलांना सुवर्णपदक दिले. इंग्लंडमध्ये त्यांचे नाव झाले होते. त्याच सुमारास जॉन लुईसला गोदाम हवे होते. या पेढीचे लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे मोठे दुकान सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बफेकीत जळाले; त्या जागी नवे दुकान उघडायला १९६० साल उजाडले. दुकान झाले, आता साठवण पाहिजे. पेढीही वेगळीच होती. मालकाने १९२९ साली नोकरांनाच भागीदार करून घेतले होते, त्यामुळे तिथला विक्रेताही 'पार्टनर' म्हणवतो.

वास्तुरचनाकारांच्या संस्थेतले एक भागीदार यूजीन रोझेनबर्ग हे १९३९ सालीच प्राग सोडून इंग्लंडला आलेले. म्हणजे स्टीव्हनेजच्या या छतामागे दोन निर्वासित आहेत, दोघेही एकाच वर्षी घर सोडून निघालेले. एकाला हिटलरने हुसकले, दुसऱ्याला फ्रँकोने. कपडे, भांडी आणि फर्निचर ठेवण्याच्या जागेवर त्यांनी एवढी बुद्धी का खर्च केली असावी, याचे उत्तर मला स्टीव्हनेज या गावात सापडले.

नव्या गावाचा पश्चिम भाग

युद्धानंतर लंडनची गर्दी कमी करण्यासाठी १९४६ साली नव्या शहरांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला स्टीव्हनेज हे पहिले नवे शहर म्हणून घोषित झाले. काही हजार वस्तीचे ते जुने गाव. तिथे ६० हजार लोकांची सोय करायची होती. गावकरी चिडले. नियोजनमंत्री लुईस सिल्किन सभेला आले तेव्हा त्यांची हुर्यो झाली आणि रेल्वे स्टेशनच्या पाट्यांवर कोणीतरी 'सिल्किनग्राड' असे लिहून टाकले. ज्यांची जमीन जाते त्यांचा संताप कुठल्याही देशात सारखाच असतो, हे नव्या मुंबईच्या आणि कोयनेच्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

शहर तरीही झाले. घरे आणि शाळा रेल्वेमार्गाच्या पूर्वेला, कारखाने आणि गोदामे पश्चिमेला, अशी विभागणी केली. १९५९ साली मध्यवर्ती बाजारपेठ खुली झाली. मोटारींना पूर्ण बंदी असलेली, मुद्दाम पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेली इंग्लंडमधली ही पहिली बाजारपेठ. या साऱ्यामागे एक श्रद्धा होती. सामान्य माणूस जिथे राहतो, खरेदी करतो आणि काम करतो ती जागाही नीट विचार करून बांधलेली असावी, अशी ती श्रद्धा. चर्चसाठी जेवढा विचार करायचा तेवढा गोदामासाठी का नको? माल हलवणारा माणूस दिवसाचे आठ तास त्या छताखाली असतो. चर्चमध्ये भाविक आठवड्यातून एक तास बसतो.

मला वाटते, गनल्स वुड रोडवरचे ते गोदाम हे या श्रद्धेचे प्रमाण आहे. ते जपण्याचे पहिले कारणही तेच आहे.

ऐंशी सालची सुटी आणि त्यानंतर

इंग्लंडला वारशाची कदर पूर्वीपासून होती आणि आपल्याला नाही, असे सरसकट बोलण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरे नाही. तिथेही हे भांडून, हरून, थोडे थोडे मिळालेले आहे.

संरक्षित वास्तूंची यादी करण्याची पद्धत तिथे १९४७च्या नगरनियोजन कायद्याने पक्की झाली. पण यादी करणाऱ्यांच्या मनात होते जुने वाडे, चर्च आणि मध्ययुगीन घरे. कारखाना त्यांच्या डोळ्यांना दिसतच नव्हता. लंडनच्या पश्चिमेला १९२८ सालचा फायरस्टोन टायरचा देखणा कारखाना होता. त्याला संरक्षण मिळण्याच्या बेतात असताना ऑगस्ट १९८०च्या जोडसुटीत, सरकारी कचेऱ्या बंद असताना, त्याचा दर्शनी भाग पाडला गेला. लोक हळहळले, रागावले, आणि त्या रागातून दोन महायुद्धांमधल्या काळातल्या इमारतींकडे यादीचे लक्ष वळले. युद्धानंतरच्या इमारती अजून बाहेरच होत्या.

त्यांचा पहिला मान गेला वेल्समधल्या ब्रिनमॉर या गावच्या रबर कारखान्याला. कोळशाच्या खाणी बसल्यामुळे बेकार झालेल्या लोकांना काम मिळावे म्हणून तो काढला होता. १९५१ साली पूर्ण झालेल्या त्या कारखान्यावर काँक्रीटच्या पातळ कवचांचे नऊ घुमट होते आणि त्यांची आकडेमोड ओव्ह अरुप यांनी केली होती. सिडनीच्या ऑपेरा हाउसचे अभियंते ते हेच. कारखाना १९८२ साली बंद पडला. १९८६ साली त्याला वरच्या दर्जाचे संरक्षण मिळाले. पुढल्याच वर्षी इंग्लंडमध्ये नियम बदलला. इमारतीला तीस वर्षे पूर्ण झाली की ती यादीसाठी विचारात घेता येईल, आणि असामान्य इमारत धोक्यात असेल तर दहा वर्षेही पुरतील. १९८७ साली लंडनचे ब्रॅकन हाउस या नियमाने यादीत आले. स्टीव्हनेजच्या गोदामालाही वाट मोकळी झाली ती याच नियमाने.

ब्रिनमॉरचे काय झाले? संरक्षण होते, पण कारखान्याला काम नव्हते. छपरे गळत राहिली, काचा फुटत राहिल्या, खरेदीदार आले आणि गेले. २००१ साली रीतसर परवानगी घेऊन ते नऊ घुमट पाडण्यात आले. यादीतले नाव भिंतीला ओलीपासून वाचवत नाही.

स्टीव्हनेजचे गोदाम मात्र उभे आहे. का? कारण त्यात माल आहे. पेढीची गरज संपल्यावर दुसऱ्या व्यापाऱ्याला ती जागा हवी होती, आणि छत्र्यांखाली मोकळी, उंच, भिंतीविना जागा होतीच. इंग्लंडच्या यादीत आज सुमारे चार लाख नोंदी आहेत. त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक दुसऱ्या श्रेणीतल्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या. हे गोदाम त्यांच्यातलेच एक. या श्रेणीचा अर्थ इमारत काचेच्या पेटीत ठेवायची असा नाही. मालकाला दुकान चालवता येते, दिवे बदलता येतात, मांडण्या लावता येतात. मात्र इमारतीचे जे वैशिष्ट्य आहे त्याला धक्का लागेल असा बदल करायचा असेल तर स्थानिक प्रशासनाची वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि ती न घेता तोडफोड केली तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. तांदळाची गोणी घेणाऱ्या माझ्या मुलीला गेली कित्येक वर्षे आपण राष्ट्रीय वारशात खरेदी करतो याचा पत्ता नव्हता. मला तर हेच त्या संरक्षणाचे यश वाटते.

अर्थात सगळेच इतके सुखाने होत नाही. लंडनमध्ये १९६२ साली राष्ट्रकुल संस्थेची इमारत झाली. तिचे छतही याच जातीचे, तांब्याने मढवलेले. वरच्या श्रेणीचे संरक्षण असूनही ती अनेक वर्षे रिकामी पडली. अखेर तिथे डिझाइन म्युझियम आले आणि २०१६ साली ते उघडले. पण त्यासाठी छत तात्पुरत्या आधारांवर पेलून धरले आणि आतले मजले काढून नवे केले. छत वाचले, बाकीचे गेले. याला जतन म्हणायचे का? तिथल्या जाणकारांत यावर दोन तट आहेत. मी अभियंता आहे, मला छत वाचल्याचा आनंद होतो. पण ज्या माणसाने लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर त्या मधल्या ओट्यावर उभे राहून जग पाहिले असेल, त्याचे उत्तर वेगळे असेल आणि ते चूक नसेल.

आमचे गोदाम

आता माझ्याकडे येतो.

१९६०-७०च्या काळात आपल्याकडे पोलाद दुर्मीळ होते. परमिट, कोटा, वाट पाहणे. काँक्रीट त्या मानाने मिळत होते आणि मजुरी स्वस्त होती. कमी सळई आणि जास्त हातकाम लागणारे कवच हे त्या भारताला अगदी मानवणारे तंत्र होते. रूरकीच्या संस्थेत जी. एस. रामस्वामी कवचांवर काम करत होते. त्यांचे पुस्तक आमच्या पिढीच्या हातात असायचे. भारतीय मानक संस्थेने १९६२ सालीच कवचांसाठी संहिता काढली होती. त्यामुळे अनेक औद्योगिक वसाहतींत अशी छते उभी राहिली. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे राज रेवाल आणि महेंद्र राज यांचे 'हॉल ऑफ नेशन्स' १९७२ सालचे. कवच नव्हे, पण पोलादाऐवजी काँक्रीटची त्रिमितीय जाळी उभी करण्याचा निर्णय त्याच टंचाईतून आलेला.

१९७३ साली पदवी घेऊन मी ज्या कंत्राटदाराकडे लागलो त्याच्याकडे एका कारखान्याच्या गोदामाचे काम होते. बारा छत्र्या. आमच्या मिस्त्रींनी हायपार हा शब्द ऐकलेला नव्हता. नकाशा पाहून त्यांनी दोन बांबू घेतले, मध्ये सुतळ्या बांधल्या, एक बांबू तिरका केला, थोडा वेळ त्या सुतळ्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, सुपासारखं आहे. होईल." बस्स. पुढचे दोन आठवडे त्यांनी फळ्या रंधून प्रत्येकीचा कोन हाताने बसवला. बायका डोक्यावर घमेली घेऊन उतारावरून चढत होत्या आणि काँक्रीट खाली घसरू नये म्हणून ते घट्टसर ठेवावे लागे. पहिल्या छत्रीचे सेंट्रिंग उतरवताना आम्ही सगळे बाहेर जाऊन उभे राहिलो. मिस्त्री एकटे खाली थांबले. मी त्यांना बाहेर या म्हणालो तर ते म्हणाले, "मी बांधलंय, मीच बाहेर पळालो तर पोरं आत येतील का?"

कड दोन मिलिमीटर खाली आली आणि थांबली.

२००९ साली त्याच गोदामाच्या नव्या मालकाने मला स्ट्रक्चरल ऑडिटसाठी बोलावले. ते मीच बांधले आहे हे त्यांना माहीत नव्हते. मीही सांगितले नाही. चार छत्र्यांच्या कडांना सळया उघड्या पडल्या होत्या, पोपडे निघाले होते, दोन खांबांतले पावसाचे नळ तुंबून पाणी मुरले होते. चार सेंटिमीटरच्या काँक्रीटमध्ये सळईवरचे आवरण मुळातच कमी, त्यामुळे गंज लवकर पोहोचतो; हा या छतांचा खरा दोष आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. मालकाला जागा मोकळी करून उंच मांडण्यांचे पत्र्याचे शेड घालायचे होते. मी दोन पानी अहवाल दिला. सळयांना गंज, कवच धोकादायक, पाडणे इष्ट. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

पण अहवाल पुरा नव्हता. आठ छत्र्या चांगल्या होत्या. उरलेल्या चारांची दुरुस्ती शक्य होती. नळ साफ करून, खराब काँक्रीट काढून, सळया साफ करून पुन्हा आवरण देता आले असते. खर्च किती याचा हिशेब मी मांडला नाही, कारण कोणी विचारला नव्हता. 'या प्रकारच्या छताची या भागात ही एकमेव वास्तू आहे' असे एक वाक्य लिहायला मला कोणी मनाई केली नव्हती. ते लिहायचे असते हेच मला तेव्हा ठाऊक नव्हते. गोदामाच्या अहवालात असले वाक्य शोभते का, असे वाटणाऱ्यांपैकीच मी एक होतो. तीन दिवसांत छत्र्या खाली आल्या. मिस्त्री तोवर वारले होते, एवढे बरे.

पन्नास वर्षांचा माणूस, साठ वर्षांची इमारत

एप्रिल २०१७ मध्ये हॉल ऑफ नेशन्स एका रात्रीत पाडले गेले. जतनाची मागणी देशातूनही झाली होती, परदेशातूनही. उत्तर असे आले, की वारसा समितीच्या निकषानुसार इमारत किमान साठ वर्षांची हवी, आणि ही फक्त पंचेचाळीस वर्षांची आहे. केंद्राच्या १९५८च्या कायद्यात तर प्राचीन स्मारकासाठी शंभर वर्षांची अट आहे. मुंबईने १९९५ साली शहरासाठी वारसा नियमावली करून तीन श्रेणींची यादी केली. ते मोठेच पाऊल होते. त्या यादीमुळे फोर्ट भाग वाचला, आणि २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. पण स्वातंत्र्यानंतर आपणच बांधलेल्या, आपल्या टंचाईतून आणि आपल्या हातांनी उभ्या केलेल्या कारखान्यांकडे आणि गोदामांकडे पाहायला आपल्याकडे अजून नजर तयार झालेली नाही.

वयाच्या अटीची अडचण अशी, की काँक्रीटच्या कवचाचे आयुष्य काळजी घेतली नाही तर चाळीस-पन्नास वर्षांत धोक्यात येते. साठ वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहायची, तर त्या वाढदिवसाला इमारत हजर नसते. इंग्लंडने तीस वर्षांचा नियम केला तो याच अनुभवातून. ज्या वयात वस्तू जुनी दिसते पण प्राचीन वाटत नाही, तेच तिचे सर्वांत धोक्याचे वय. आजोबांची पगडी सगळे जपतात. बाबांची टेरिलीनची पँट बोहारणीला जाते.

याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. गोदाम ही कोणाची तरी मालमत्ता आहे, तिच्यावर कामगारांचे पगार अवलंबून आहेत. उद्योगाची पद्धत बदलते. पूर्वी माल डोक्यावरून आणि हातगाडीवरून जायचा, आता यंत्र तो तीन मजले उंच चढवते, आणि छत्रीची कड आड येते. प्रत्येक छत वाचवा असे म्हणणे म्हणजे कोणतेच न वाचवणे. म्हणून निवड हवी, आणि निवडीसाठी आधी नोंद हवी. मग मालकाला दुरुस्तीत मदत हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इमारतीला काम हवे. ब्रिनमॉरकडे कायदा होता, काम नव्हते. आमच्या गोदामाकडे काम होते, पण त्याच्या बाजूने बोलणारा कागद नव्हता. स्टीव्हनेजकडे दोन्ही आहे.

आणि जपायचे ते का? छायाचित्रे आहेत, नकाशे आहेत, सूत्रे पुस्तकात आहेत, असे मला एका तरुण सहकाऱ्याने ऐकवले. मी त्याला विचारले, की बारा छत्र्यांसाठी फळ्यांचे कोन हाताने बसवणारा एक तरी सुतार आज मला आणून देतोस का? मेक्सिकोतही मजुरी वाढली, सुतारकाम परवडेनासे झाले आणि कांदेलांची कवचे मागे पडली. ते १९७१ साली अमेरिकेला गेले आणि १९९७ साली तिथेच वारले. ज्या अर्थव्यवस्थेत ती छते जन्मली ती आता परत येणार नाही, आणि त्या बायकांच्या घमेल्यांच्या मजुरीकडे पाहता ती परत यावी असेही मी म्हणणार नाही. पण त्या हातांनी काय केले याचा उरलेला पुरावा म्हणजे ते काँक्रीट. त्याच्या खालच्या अंगाला फळ्यांचे ठसे असतात. नीट पाहिले तर लाकडाच्या रेषा दिसतात, गाठी दिसतात, एखादी फळी अपुरी पडली म्हणून लावलेले ठिगळही दिसते. मिस्त्रींचे नाव कुठल्याही नकाशावर नव्हते. त्या ठशांशिवाय त्यांची दुसरी सही नव्हती, आणि ती मी पुसून टाकली.

इंग्लंडहून परतल्यावर मी एक वही केली. माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांसह औद्योगिक वसाहतींतून फिरतो आणि कवचाचे छत दिसले की नोंद करतो. ठिकाण, अंदाजे साल, छत्र्या किती, गळती कुठे, आत सध्या काय चालते, आणि बांधणाऱ्यांपैकी कोणी हयात असेल तर त्याचे नाव. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. एका ठिकाणी पहारेकऱ्याने विचारले, "साहेब, इन्कम टॅक्सचे का?" दुसऱ्या ठिकाणी मालकच बाहेर आले, माझ्याबरोबर वर पाहत उभे राहिले आणि म्हणाले, की तीस वर्षे इथे बसतो, पण याला नाव असेल असे वाटले नव्हते. त्यांना मी दोन पेन्सिली आणि सुतळी घेऊन ते छत करून दाखवले. पावसाळ्याआधी खांबातले नळ साफ करून घेईन, असे त्यांनी कबूल केले आहे.

मागच्या जूनमध्ये मी पुन्हा गेलो होतो. त्यांनी नळ साफ केले होते.